पोटातला चारा

मेंढीचे पाय दोरीनं बांधून मी एकटीच कात्री चालवत होते. आमच्यात कातरणीला सगळी वस्ती जमते. एकानं पाय धरायचे, दुसऱ्यानं लोकर कापायची. यंदा माझ्याकडं कुणी फिरकलं नाही.

कारण एवढंच, की कत्तलखान्यात कापलेल्या बकऱ्यांच्या पोटातला अर्धवट पचलेला चारा मी आणते, वाळवते आणि कोंडा-गूळ मिसळून मेंढरांना घालते. म्हणे, बाईनं मेंढरं बाटवली! अरे, गवतच ना ते? या दुष्काळात माझ्याच मेंढ्या तेवढ्या पायांवर उभ्या आहेत.

दुपारी थोरले दीर आले. वस्तीला माझ्याकडं यायची बंदी घालणारे तेच.

"चार पोती दे तो चारा. वस्तीत बोलू नको."

"फुकट न्या, भाऊजी. तेवढे या मेंढीचे पाय धरा, दोरी सोडते."

त्यांनी वस्तीकडं मान वळवली. "लोक बघतील."

"बघायलाच पाहिजे त्यांनी."

ते पोती न घेताच निघून गेले.

मेंढी कातरून झाल्यावर मी एकेक करून चारही पोती नेली आणि त्यांच्या मेंढवाड्यात ओतली. मेंढरांनी थोडंच मला वाळीत टाकलं होतं?