वीसपैकी वीस

"सदाशिवरावांचं पान उघडा," संचालक म्हणाले.

जयानं माउस धरला, पण बाण काही नावावर ठरेना. टेबलाभोवती तिघं होते. संचालक, टाइप करायला बसलेला कारकून नीलेश, आणि कामगारांच्या वतीनं आलेले गोदामप्रमुख रूपराव. तिघांनाही वाटलं, पोर बापाचं नाव बघून गलबलली. तसं वाटलेलं बरंच होतं.

आर्वीच्या रस्त्यावरच्या या बियाणे संशोधन केंद्रात सदाशिवरावांनी तीस वर्षं गोदामात काढली. बियाण्याला कीड लागू नये म्हणून विषारी वायूच्या गोळ्या ठेवून गोदाम बंद करायचं, आणि दिवस भरले की दारं उघडून आत वारं खेळू द्यायचं, हे त्यांचं काम. एप्रिलच्या नऊ तारखेला त्यांनी दार उघडलं आणि लगेच आत गेले. बाहेर आले ते चौघांच्या हातांवर. आज चौकशी समितीची शेवटची बैठक होती. जयाला बोलावलं होतं ते मुलगी म्हणून नव्हे, केंद्रातल्या ई-लर्निंगची प्रमुख म्हणून.

ते ई-लर्निंग तिनंच आणलं होतं. वर्षभर आराखडे केले, शास्त्रज्ञांच्या मागे लागून धडे लिहून घेतले. गोदामाच्या सुरक्षेचा धडा आणि त्यावरची वीस प्रश्नांची परीक्षा तर तिनं स्वतः तयार केली. मार्चअखेर प्रत्येकानं पास व्हायलाच हवं, असा आदेश निघाला. यादीत पास झालेली नावं हिरवी दिसत, राहिलेली लाल. रोज चार-पाच नावं हिरवी होत गेली. शेवटी एकच लाल उरलं, आणि ते तिच्या बापाचं.

"बाबा, उद्या नागपूरचे पाहुणे येऊन राह्यले यादी पाहाले. अर्धा घंटा बसा ना मायाजवळ," ती जेवताना म्हणाली होती.

सदाशिवराव भाकर मोडता मोडता हसले. "तीस साल झाले, मी नाकानं मोजतो वायू. वास गेला का आत जाचं. तुया कम्प्युटरले नाक हाय का?" मग तिचा चेहरा बघून म्हणाले, "तूच देऊन टाक ना माय तो पेपर. तुले तं सारं येते."

तिनं दिला. सकाळी, पाहुणे यायच्या आत, स्वतःच्या टेबलावर, त्यांच्या नावानं, सात मिनिटांत. नववा प्रश्न होता: वास येत नसेल, तर गोदामात शिरणं सुरक्षित आहे का? तिनं 'नाही' निवडलं. यादी हिरवी झाली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

पेपर कोणत्या संगणकावरून दिला, किती वाजता दिला, सगळं नोंदलेलं असतं. ही सोयही तिनंच भांडून मिळवली होती. बाप गेल्यापासून दीड महिना ती त्या सात मिनिटांना भीत होती. फोन वाजला तरी छातीत धस्स व्हायचं. रडायला बसलं तरी आधी भीती यायची, मग बाबा.

पान उघडलं. संचालक पुढे झुकले. त्यांनी वेळ पाहिली नाही, संगणकाचा क्रमांक पाहिला नाही. गुण पाहिले.

"वीसपैकी वीस," ते म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले. "मग प्रश्नच मिटला. नीलेश, लिही. मृत कर्मचाऱ्याला पूर्ण प्रशिक्षण मिळालं होतं. धोका माहीत असूनही सदाशिवरावांनी निष्काळजीपणा केला. यात केंद्राची चूक नाही."

नीलेशची बोटं चालू लागली. जया सुटली होती. आता कुणी काही विचारणार नव्हतं. गप्प बसलं की झालं. तिनं उमटत जाणारी अक्षरं वाचली. 'निष्काळजीपणा' या शब्दाला लागून बापाचं नाव होतं. तीस वर्षांत ज्यानं एक पोतं भिजू दिलं नव्हतं, त्या माणसाचं.

"तो पेपर माझा आहे," ती म्हणाली. "बाबांनी धडा उघडलासुद्धा नव्हता, सर. त्यांच्या नावानं मी पास झाले."

नीलेशचे हात जागीच थांबले. संचालकांचा चेहरा उतरला. आता आरडाओरडा होईल, नोकरी जाईल, गाव म्हणेल पोरीनंच बाप मारला. जया खाली मान घालून वाट पाहत राहिली.

बोलले ते रूपराव. "तू येकटीच नाई होय, बाई. माया पेपर पियुषनं देल्ला. नातवानं. त्याले तं मजा आली. म्हणे, आबा, हा तं गेम हाय."

कुणी हसलं नाही. नीलेशनं एकदा संचालकांकडे पाहिलं, एकदा जयाकडे.

"गोदामातल्या पोरायचे मी सोडवले, मॅडम," तो पुटपुटला. "आठही. साऱ्यायचे वीसपैकी वीस नको दिसाले, म्हणून येकदोन उत्तरं मुद्दाम चुकवली."

जयानं पूर्ण यादी उघडली. वरपासून खालपर्यंत हिरवी. इतके दिवस ती होऊन गेलेल्या गोष्टीला भीत होती. पण धडा न वाचलेली ही माणसं अजूनही गोदामं उघडत होती. ऑफिसात ती घरच्या बोलीत कधी बोलत नसे.

"काका, सध्या कोन्त्या गोदामात गोळ्या लावल्या हायेत?"

"तीन नंबरात," रूपराव म्हणाले, आणि एकदम खुर्चीतून उठले. "आजच दिवस भरले. त्या आठातला अंकुश गेला ना उघडाले. अर्धा घंटा झाला."