घरोघरी मुंजाजी

तानुबाई बाळाच्या कानाशी वाकली, तोच वैष्णवीनं बाळाचा कान तळव्यानं झाकून घेतला.

"आत्या, मला हे नाव नको," ती म्हणाली.

हातात नारळ घेऊन उभी असलेली तिची सासू दैवशाला गारच पडली. बारशाच्या दिवशी, भर दुपारी, मुंजाच्या पारावर उभं राहून सुनेनं असं बोलावं! पिंपळाच्या बुंध्याशी शेंदूर फासलेला दगड होता. तोच मुंजा. लग्नाआधी गेलेला पोरगा. तो या पिंपळावर राहतो, असं गाव मानतं.

चुडाव्याच्या अलीकडचं हे गाव तसं लहान. पण मुंजाजी इथं पिकतात. थोरला मुलगा झाला की बारशाआधी त्याला पारावर आणायचं आणि तानुबाईनं त्याच्या कानात हे नाव सांगायचं, ही रीत. म्हणून गावात बकऱ्यावाला मुंजाजी आहे, टेम्पोवाला मुंजाजी आहे, फौजी मुंजाजी आहे, आणि ज्याला कसलाच धंदा नाही तो नुसता मुंजाजी. एसटीच्या थांब्यावर कुणी हाक मारली की निम्मी माणसं वळून बघतात. वैष्णवीचा नवरा जीवन यातून सुटला, कारण तो धाकटा. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून म्हाताऱ्या तानुबाईला सगळं गावच आत्या म्हणतं.

वैष्णवी सेलूची, शिकलेली. तिनं मोबाईलवर नाव शोधून ठेवलं होतं. विहान. अर्थ पहाट, आणि सध्या फार चालतंय. मग सहज म्हणून तिनं मुंजाचाही अर्थ शोधला आणि नको ते वाचून बसली. तेव्हापासून तिची झोप उडाली होती. पोटच्या पोराला एका मेलेल्याच्या नावानं हाक मारायची, या विचारानंच तिच्या अंगावर काटा यायचा. आपण हाक मारू आणि पोराऐवजी दुसरंच कुणी 'ओ' देईल, असं तिला सारखं वाटायचं.

"अगं, त्यो कोपला म्हंजे?" दैवशाला रडकुंडीला आली. "लेकराला काई झालं तर?"

"तू गप गं दैवशाला," तानुबाई म्हणाली. "माजा दादा कुणाला धरत न्हाई. गाव उगंच भेतंय."

"दादा?" वैष्णवीनं विचारलं.

तानुबाई पाराच्या कडेला टेकली. तिचा थोरला भाऊ याच पिंपळावर चढला होता, शेळ्यांना पाला तोडायला. ती खाली उभी राहून पाला गोळा करत होती. फांदी मोडली. त्याला नुकतं मिसरूड फुटत होतं आणि तिचे दुधाचे दात पडत होते. वर्षभरात तो गावाला दिसायला लागला. कुणाला फांदीवर, कुणाला आडाजवळ. मग दगड आला, शेंदूर आला. आधी नुसता मुंजा होता, भीतीपोटी मुंजाजी झाला. त्याचं खरं नाव घेतलंस तर मागं येईल, असं आईनं तानुबाईला बजावलं होतं. आईनं घेतलं नाही, मग हिनंही कधी घेतलं नाही.

"मग आमच्या लेकरांना कामून देता मुंजाजी नाव?"

"येका पोराचं नाव मुंजाजी ठिवलं की त्याची माय दिवसभर हाका मारती," तानुबाई म्हणाली. "मुंजाजी, जेवाया ये. मुंजाजी, अंधार पडायलाय, घरी चल. वर त्याला आयकू येत आसंल. वाटत आसंल, मलाच बोलवायलेत. त्याला बोलवाया कोण हाय, माय? बायकू न्हाई, लेकरू न्हाई. येक मी हाय, ती किती दिस पुरणार?"

वैष्णवीला भरून आलं. जे भूत म्हणून तिच्या छातीत धडकी भरायची, ते कुणाचं तरी पोर होतं. शेळ्यांसाठी झाडावर चढलेलं. तरी तिचं मन एका गोष्टीवर अडलं.

"पण आत्या, मुंजाजी हे त्यांचं नाव नव्हतंच ना? मग त्यांना कसं कळणार, आपल्यालाच बोलवायलेत म्हणून?"

इतक्या वर्षांत हे तानुबाईला कुणी विचारलं नव्हतं. तिनंही स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

वैष्णवीनं तिच्या शेजारी बसून बाळाच्या कानावरचा हात काढला. विहान गेलं तर गेलं.

"माझ्या लेकराला भुताचं नाव नको," ती म्हणाली. "तुमच्या दादाचं चालेल. त्यांचं खरं नाव सांगा. मी दिवसभर तीच हाक मारीन."

म्हातारीचे डोळे पाण्यानं भरले. तिनं बाळाच्या गालावरून हात फिरवला, कानाभोवती दोन्ही हातांनी कडं केलं आणि ती कानाशी वाकली. ओठ हलले, पण नाव आलं नाही. ती सरळ झाली, पुन्हा वाकली. बाळ तिच्याकडं टुकूटुकू बघत होतं. तिनं दैवशालाकडं पाहिलं. पण दैवशाला तर तेव्हा जन्मलीही नव्हती. आई-बाप कधीच गेले होते. दादाच्या बरोबरीचं गावात आता कुणी उरलं नव्हतं.

तानुबाई उठली. तिनं पिंपळाकडं तोंड वर केलं आणि घाबऱ्या आवाजात विचारलं,

"दादा, तुजं नाव काय होतं रं?"