सात जणांचा सोफा

“सुटला का पप्पांचा कंटेनर?” सुदेश बूट काढायच्या आत योगिनीने विचारलं.

“नाही ना. पुन्हा तपासणीला घेतलाय.” सुदेशने चेहरा होईल तेवढा पाडला.

“काय बाई तरी,” म्हणत ती ओट्याकडे वळली. चहासोबत कांदाभजी आली. महिनाभर हेच चाललेलं. कंटेनर अडकला की घरात काहीतरी तळलं जायचं. दुःखात माणसाला भूक लागते, अशी सुदेशने स्वतःची समजूत घातली होती.

कंटेनरमध्ये सासरेबुवांचा, दौलतरावांचा, मस्कतमधला अख्खा संसार होता. सात जणांचा सोफा, काचेचं शोकेस, दोन दारांचा फ्रिज. सामान पोचलं की मागोमाग स्वतः दौलतराव, कायमचे. आणि हे सगळं ठाकुर्लीच्या वन रूम किचनमध्ये. आत्ताच गादी घालायची तर टीपॉय बाल्कनीत जायचा. सोफा आल्यावर बहुतेक सुदेशलाच जावं लागलं असतं.

जावई बंदरातला माल कस्टम्समधून सोडवणाऱ्या क्लिअरिंग एजंटकडे कामाला, म्हणजे माल चुटकीसरशी सुटणार, असा सगळ्यांचा समज. म्हणून तर सुदेशने एका पानवाल्याच्या मोबाईलवरून कस्टम्सला कळवून ठेवलेलं, की सोफ्यात सोनं आहे.

तेवढ्यात बंदरावरून सहकारी हितेशचा फोन आला.

“अरे, तुझ्या सासऱ्याच्या नावाने तीन निनावी फोन आलेत. साहेबाने सोफा उसवला, काय नाय निघालं. आता म्हातारा उतरला की विमानतळावरच उचलणार म्हणतात.”

सुदेशने हातातली भजी बशीत परत ठेवली. सोफा नको होता हे खरं, पण म्हातारा कोठडीत जावा असं काही त्याच्या मनात नव्हतं. तो बशी घेऊन बाल्कनीत गेला आणि त्याने मस्कतला फोन लावला. खासगी बोलायला घरात तेवढीच जागा, तीही ओट्यापासून दोन हातांवर. शिवाय दौलतरावांचा आवाज स्पीकर न लावताच घरभर जायचा.

“पप्पा, इकडे येऊ नका. पकडतील. कस्टम्सला तुमच्याविरुद्ध तीन निनावी फोन गेलेत. त्यातली एक टीप माझीच. चुकलो.”

पलीकडे दौलतरावांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

“तरीच,” दौलतराव म्हणाले. “माझ्या एका फोनवर माल इतका कसा अडकला, हाच विचार करत होतो.”

“तुम्ही केलेला?”

“जावईबापू, इथे माझा पत्त्यांचा अड्डा आहे. तिकडे काय तुमच्या दोघांच्या मधोमध झोपू? पण पोरीला नाही म्हणवेना. तिचा जीव तुटतो. आता पकडणारच असतील तर येतच नाही. बरं कारण मिळालं.”

सुदेशला इतकं हलकं वाटलं, की उरलेली भजी त्याने एकदमच तोंडात कोंबली. दोघंही पोट धरून हसले. मग हसता हसता दौलतराव थांबले.

“तुमचा एक, माझा एक. मग तिसरा कोणाचा?”

ओट्यापाशी योगिनीने मिक्सर लावला. भांड्यात काहीच नव्हतं.