उद्याच्या टपालानं

भोगीच्या दिवशी सकाळी सव्वाअकराला शिवांजलीनं पोस्टाची पेटी उघडली आणि ऋषिराजचं कार्ड तिच्या हातात आलं.

गाव फलटण तालुक्यातलं. पोस्ट एका खोलीचं. शिवांजली तिथली पोस्टमास्तर. ऋषिराज सुट्टी संपलेला जवान, बाराच्या एसटीनं लडाखकडं निघालेला. चार दिवस तो तिला फोनवर मजकूर लिहीत होता आणि पुसत होता. शेवटी आजोबांच्या ट्रंकेत जुनं, कोरं भेटकार्ड सापडलं. दोन पोपट, मधे गुलाब, वर 'तिळगूळ घ्या'. पाकीट काही मिळालं नाही. त्यानं तिकीट चिकटवलं आणि कार्ड तसंच उघडं पेटीत टाकलं. उघडं कार्ड सगळा गाव वाचतो, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

बाकावर पेन्शनीला आलेली त्याची आजी, मनुबाई, बसली होती. तिनं शिवांजलीच्या हातातून कार्ड काढून घेतलं, चष्मा चढवला आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं वाचलं. "'शिवांजली, लग्न करशील माझ्याशी? होय का नाही ते कळव. ऋषिराज.' आगं बया! ह्यो तर माझाच नातू की!"

रांग खिदळली. ऋषिराज खिडकीशी आला. कान लाल झालेले.

"ऐकलंस न्हवं? मग सांग की."

"मला कुठं मिळालंय अजून?" शिवांजलीनं कार्डावर दणकन शिक्का मारला. "पेटीतलं टपाल आधी फलटणला जातं. उद्या परत येईल, तवा मिळंल."

"आगं, उद्या मी दिल्लीत असंन!"

"कळव म्हणलायस, कळवते." तिनं एक कोरं पोस्टकार्ड ओढलं आणि एक ओळ लिहिली. "कुणाला कळवायचं ते लिवलं न्हाईस. तुमच्या घरात थोरलं कोण? आजी." तिनं मनुबाईचा पत्ता घातला, कार्ड रांगेला दाखवलं आणि थैलीत टाकलं.

कुणीतरी शिट्टी मारली. ऋषिराजनं हात घालेपर्यंत थैलीला सील लागलं होतं.

"आजे, काय लिवलंय?"

"सरकारी टपाल हाय, बाबा. माझ्या हातात येऊ दे, मग सांगते."

"आत्ता वाचलंस की तू!"

"पत्ता वाचला."

एसटी आली. ऋषिराज चढून बसला. कंडक्टरनं थैली नेमकी त्याच्याच पायाशी टाकली. "जवान, पाय ठेव जरा हिच्यावर. लय घसरती."

ऋषिराजनं दोन्ही पाय उचलले आणि सीटवर मांडी घातली. गाडी ओढा ओलांडत असताना त्यानं फोन लावला.

"आजे, होय का न्हाई, येवढंच सांग!"

"उद्याच्या टपालानं," मनुबाई म्हणाली आणि फोन बंद करायला विसरली. मागोमाग तिचाच आवाज आला. "का गं शिवांजले, नातसुनंचं हलव्याचं दागिनं आत्ताच करून ठेवलं, तर पुढल्या संक्रांतीपत्तूर टिकत्यात का?"

रांग पुन्हा हसली. शिवांजली काहीतरी म्हणाली, आणि रेंज गेली.