गिरधरची पाठ

'शेतकऱ्यानं स्वतः राबावं' हे स्वराज्याच्या सभेतलं भाषण ऐकून धरणगावचा गिरधर लग्नानंतर पहिल्यांदाच बायकोबरोबर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटायला वावरात गेला. वैशाखाचं ऊन, आणि हा जोशात सदरा काढून उघडाबंब! दुसऱ्या दिवशी त्याच्या भाजलेल्या पाठीला अशी खाज सुटली, की तो म्हशीसारखा दाराच्या चौकटीला पाठ घासू लागला.

"मन्हा पोऱ्यानी पाठ भाजी गयी व माय!" म्हणत त्याच्या आईनं घरातलं सगळं ताक पुढे केलं. दिवसभर वावरात राबून आलेली धुरपदाबाई ताकात भिजवलेलं फडकं नवऱ्याच्या पाठीवर ठेवत बसली. हळूहळू आग निवली, खाज थांबली, आणि गिरधरनं डोळे मिटून सुस्कारा सोडला.

"उन्हमा राबनं कसं ऱ्हास, ते आते समजनं व माले," तो कळवळून म्हणाला.

धुरपदाबाईचा हात थबकला. इतक्या वर्षांत घरातल्या कुणी एवढंसुद्धा म्हटलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

डोळे मिटूनच गिरधर पुढे म्हणाला,

"आते मी वावरमा येवाव नही. तू एकलीच जात जाय."