बाजूची शिवण

समोरची बाई खुर्चीच्या टोकावर बसली होती. दवाखान्याने दाखवलेली ही तिसरी, आणि यादीतली शेवटची. तीन वेळा पोट रिकामं झाल्यावर डॉक्टरांनी शिंपिणीला सांगून टाकलं होतं, की आता मूल हवं असेल तर दुसरीच्या पोटी वाढवावं लागेल. निघताना नणंदेने बजावलं, तोंडावर भुलू नकोस, कंबर बघ. त्यावर सासू म्हणाली, बाई म्हणजे काय भाजी आहे, दाबून बघायला?

फॉर्मवर सगळं ठीक होतं. वय एकोणतीस. दोन बाळंतपणं, दोन्ही सुखरूप. धाकटा आठ वर्षांचा, त्यानंतर दिवस गेलेले नाहीत. बाई कमी बोलत होती, पण खरं बोलत असावी असं वाटत होतं. शिंपिणीचा नवरा सह्यांचे कागद आणायला बाहेर गेला. बऱ्याच दिवसांनी त्याच्या चालण्यात जीव आला होता.

दोघी उरल्या. शिंपिणीची नजर सवयीने बाईच्या ड्रेसकडे गेली. निळ्यावर पांढरी पानं. हे कापड गेल्या वर्षीच बाजारात आलं होतं. बाजूची शिवण पोटापाशी उसवून आत दुमडलेली दोन बोटं माया सोडलेली होती. आतलं न विटलेलं कापड गडद पट्ट्यासारखं दिसत होतं. छातीपाशी, कमरेखाली काही केलेलं नव्हतं. आणि पोटापाशी आता ड्रेस ढगळ लोंबत होता.

"हे पोटापुरतंच उसवलंयस," शिंपीण हळू आवाजात म्हणाली. "गेल्या वर्षीचं कापड आहे हे. याचे ड्रेस मी शिवलेत."

बाईने पर्स पोटाशी ओढली. मग खाली बघतच तिने सांगितलं. सातव्या महिन्यात गेलं. त्याला चार महिने झाले. फॉर्मवर लिहिलं असतं तर दारातूनच परत पाठवलं असतं. घरी दोन पोरं, हातात काम नाही. ताईंनी कुणाला सांगू नये.

"सांगणार नाही," शिंपीण म्हणाली. "पण तुला निवडणारही नाही. चार महिन्यांत अंग भरून येत नाही गं."

बाई भांडली नाही. तेवढ्यात नवरा कागद आणि पेन घेऊन दारात आला. शिंपिणीने त्याच्याकडे बघून नुसती नकारार्थी मान हलवली. त्याचा चेहरा उतरला, पण तो तिथेच उभा राहिला.

बाई उठली. दोन पावलं जाऊन वळली.

"ताई, तुमच्या शेवटच्या बाळाचं नाव ठरवलं होतंत?"

कितव्या महिन्यात गेलं, कशाने गेलं, पुढे काय करणार, सगळ्यांनी विचारून झालं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं.

शिंपिणीने नाव सांगितलं.

नवऱ्याने पेनाला टोपण लावलं. त्यानेही ते आज पहिल्यांदाच ऐकलं होतं.