भिमाजीचं अपेंडिक्स

वर्षभर भिमाजीच्या धोतराला रक्त लागत होतं आणि बायको धोंडाबाई मुकाट्यानं धूत होती. "दुखत न्हाई तर दवाखाना कशाला?" म्हणत तो सब्जाचं पाणी पीत राहिला. कांद्याच्या वाफ्यात चक्कर येऊन पडला तेव्हा तिनंच दवाखान्यात नेलं. आतली मूळव्याध निघाली. डॉक्टरनं कोंबाला रबर लावून लगेच घरी पाठवलं. लेकीच्या सासरी अब्रू जाईल म्हणून भिमाजीनं अपेंडिक्सचं ऑपरेशन झाल्याचं कळवलं आणि बायकोकडून पाय चेपून घेत खाटेवर कण्हत पडला. डिंगोऱ्याहून व्याही बिस्किटपुडा घेऊन आले. रीतीप्रमाणं म्हणाले, "टाके दाखवा, पावणं." भिमाजीनं सदरा घट्ट धरला. "टाके न्हाईत," धोंडाबाई म्हणाली. "मूळव्याधीला रबर लावलंय, पार्सलच्या रश्श्याला लावतात तसलं." व्याही हसले नाहीत. हळूच म्हणाले, "रबर लावताना लई दुखतं का?" "दुखलं असतं तर हे डॉक्टरच्या टेबलावर थांबले असते व्हय?" धोंडाबाई म्हणाली.